उत्तर: आरोग्याचं पान आराखड्यात हवंच

वर एकांनी लिहिलंय की हवामान अनुकूलनाचा आराखडा, म्हणजे बदलत्या हवामानाला तोंड द्यायची योजना, म्हणजे नाले, भिंती आणि झाडं. आरोग्याचं आरोग्य खातं बघेल. मला हे पटत नाही.

अहमदाबादचं बघा. मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू जास्त झाले. त्यातून धडा घेऊन तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला. हवामान खात्याचा अंदाज आला की इशारा थेट दवाखाने, रुग्णवाहिका आणि प्रभागांपर्यंत जातो. तिथल्या शारदाबेन रुग्णालयात तर बाळंतिणींचा कक्ष तापलेल्या छताखालून खालच्या मजल्यावर हलवला. खर्च फारसा नाही, पण बाळाच्या जिवाच्या दृष्टीने केवढा फरक! असा निर्णय आराखड्याच्या बैठकीत डॉक्टर असल्याशिवाय सुचत नाही.

आपल्याकडे किनारपट्टीला दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे ३८ अंशही जिवावर बेततात. एप्रिल २०२३ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरला भर उन्हातल्या कार्यक्रमानंतर १४ जण दगावले. म्हणून नुसता पारा बघून चालणार नाही, आर्द्रता आणि रात्रीचं तापमानही बघायला हवं. आणि उन्हाळ्यात रोजच्या मृत्युनोंदी त्याच आठवड्यात तपासल्या गेल्या पाहिजेत, वर्षभराने नव्हे.