सर्वेत सगळे म्हणतात कचरा कमी करतो, मग डस्टबिन का भरलेला?

प्रश्न: मंडळी, एमबीएच्या प्रोजेक्टसाठी ६० घरांतून फॉर्म भरून घेतले, विषय घरातला कचरा आणि ग्राहकाच्या सवयी. "मी कचरा कमी व्हावा म्हणून विचार करून खरेदी करते" याला जवळपास सगळ्यांनी ५ पैकी ४ नाहीतर ५ दिलेत. पण त्यातल्याच ८ घरांनी आठवडाभर डस्टबिनचे फोटो पाठवले, तर त्यात न फोडलेली पाकिटं, डब्यासकट फेकलेलं शिळं अन्न. आता खरं काय मानू? खूप टेन्शन आलंय, गाईड म्हणतात डेटा चांगला आहे.

उत्तर: ताई, फोटो खरे माना. लोक मुद्दाम खोटं बोलत नाहीत, चांगलं दिसेल ते टिक होऊन जातं आणि आठवतंही तेवढंच. पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅथजे यांनी १९७३ मध्ये अ‍ॅरिझोना विद्यापीठात गार्बेज प्रोजेक्ट सुरू केला, लोकांच्या कचऱ्याच्या पिशव्या उघडून मोजल्या, तर लोक सांगायचे त्यापेक्षा बिअरचे कॅन जास्त निघायचे. तुम्ही साधा वजनकाटा द्या, ओला सुका वेगळा मोजायला सांगा. फक्त पहिला आठवडा धरू नका, कुणीतरी बघतंय म्हटलं की माणूस सावरून वागतो.

उत्तर: फॉर्म अगदीच टाकून देऊ नका हो. "विचार करता का" असं विचारलं की हो च येणार, त्यापेक्षा "गेल्या ७ दिवसांत न वापरता काय फेकलं, का फेकलं" विचारा, मग कळतं की यादी न करता खरेदी झाली, मोठा पॅक स्वस्त पडला म्हणून घेतला, फ्रीजमध्ये मागे सरकलेला डबा दिसलाच नाही. मार्केटिंगवाल्यांना काम करायला जागा इथेच आहे. आणि विषय छोटा नाही, युनेपच्या (संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम) २०२४ च्या अहवालात २०२२ साली जगभर १०५ कोटी टन अन्न वाया गेल्याचं दिलंय, त्यातलं ६० टक्के घरांतलं.

उत्तर: एक राहिलं, कचऱ्याचं वर्गीकरण (वेगळा करणं) आणि कपात (कमी करणं) एकाच स्कोअरमध्ये मिसळू नका प्लीज. कॅटलिन आणि वँग या संशोधकांच्या २०१३ च्या प्रयोगात लोकांना कात्री तपासायला कागद कापायला दिला, शेजारी रिसायकलचा डबा होता तिथे जास्त कागद कापला गेला. म्हणजे सुका कचरा नीट वेगळा करणारं घर कचरा कमी करत असेलच असं नाही.

प्रश्न विचारणारी: बाप रे, मी दोन्हीची बेरीज करून बसले होते!! फॉर्ममधला तो भाग वेगळा करते आणि त्या ८ घरांना उद्याच वजनकाट्यासाठी फोन करते, ३ आठवडे तरी मोजायला तयार होतील असं वाटतंय.