सामान पोचवून जाळून टाकायची गाडी? आपल्या अंतराळ स्थानकाला कुठलं मालवाहू यान हवं?

द्वारकेचा ट्रकवाला
भारताचं स्वतःचं अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं ठरलंय. काल जेवताना अकरावीतला पोरगा सांगत होता की वर राहणाऱ्यांना रसद न्यायला बिनमाणसांची यानं लागतात. इथवर ठीक. पुढचं ऐकून घास अडकला. रशियाचं प्रोग्रेस १९७८ पासून माल नेतंय, खेपेला अडीच टनांच्या आसपास, आणि काम झालं की दरवेळी ते मुद्दाम वातावरणात जाळतात. उरलेसुरले तुकडे दक्षिण पॅसिफिकमध्ये.

अख्खी गाडी! मी एकवीस वर्षं नाशिकच्या द्वारकेवरून गाड्या सोडतोय. दिल्लीला द्राक्षं टाकून परतीचं भाडं नाही मिळालं तर मला रात्रभर झोप नसते, इथे तर गाडीच उरत नाही. माझं मत सरळ आहे: पहिल्यापासून परत येणारं यान करा, अमेरिकेच्या ड्रॅगनसारखं. पटत नसेल त्यांनी बोला.

ओझरकर
शेठ, विमानाच्या कारखान्यात आयुष्य गेलं म्हणून सांगतो, हिशोब चुकतोय. परत आणायचं म्हणजे उष्णतारोधक कवच आलं, पॅराशूट आली, समुद्रातून उचलायला जहाजं आली. कवच-पॅराशूटचं वजन मालाच्या वजनातून कापलं जातं. आपलं एलव्हीएम३ रॉकेट जवळच्या कक्षेत आठेक टन नेतं. त्यातच यान, त्यातच इंधन, उरेल तो माल.

आणि प्रोग्रेस रिकामं जळत नाही. वापरलेले कपडे, पॅकिंग, स्थानकातला सगळा कचरा त्यात कोंबतात. नाशिककराला घंटागाडी समजावून सांगायला नको. शिवाय चारशे किलोमीटरवरही हवा अगदी थोडी असतेच. तिच्यामुळे स्थानक हळूहळू खाली घसरतं, तेव्हा जोडलेलं प्रोग्रेस आपली इंजिनं चालवून त्याला वर ढकलतं.

द्वारकेचा ट्रकवाला
काका, घंटागाडी पाथर्डीच्या खत प्रकल्पावर रिकामी होऊन परत येते. जाळत नाहीत तिला.

कांदाभजी
इकडे लासलगावचा कांदा चाळीत सडतोय आणि तुम्ही वर कांदा न्यायच्या गप्पा मारताय. चालू द्या.

ओझरकर
भाऊ, वर खरंच जातो. प्रोग्रेसमध्ये ताजी फळं, कांदे, लसूण असतात. चाळीचं रडगाणं खरंय, पण त्याला वेगळा धागा काढा, मीही येतो.

निफाडची लेक
मी ट्रकवाल्या दादांच्या बाजूने, पण कारण वेगळं. गाडीचं जाऊ द्या, परतीचा माल बघा. आताच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर प्रयोग होतात, त्यांचे नमुने (रक्त, पेशी, स्फटिक) थंड ठेवून खाली आणावे लागतात. २०११ मध्ये अमेरिकेची शटल यानं बंद झाली. त्यानंतर तिथून भरपूर सामान खाली आणणारं मालवाहू यान म्हणजे ड्रॅगनच.

थंड गाडीची किंमत मला विचारा. एका मार्चमध्ये आमचा द्राक्षांचा रीफर कसारा घाटात बंद पडला. शून्यावर ठेवलेला माल बंदरावर उघडला तर पेटीत आतून पाणी सुटलेलं, देठ तपकिरी, घड उचलला की मणी हातात. वर्षभराची छाटणी, विरळणी, सगळं त्या दरवाज्यात संपलं. सहा महिन्यांच्या प्रयोगाचं असं झालं तर?

आणि आपल्याला हे अगदीच नवं नाही. जानेवारी २००७ मध्ये इस्रोने साडेपाचशे किलोची कुपी बारा दिवस कक्षेत ठेवून बंगालच्या उपसागरात उतरवली होती.

ओझरकर
ताई, नमुन्यांचा मुद्दा मान्य. पण त्याला दहातली एक खेप परतीची पुरे, बाकी नऊ साध्या ठेवा. एकाच जातीच्या गाडीवर सगळी भिस्त नको. २८ ऑक्टोबर २०१४ ला अमेरिकेचं सिग्नस मालयान घेऊन निघालेलं अँटारेस रॉकेट काही सेकंदांतच कोसळलं. २८ एप्रिल २०१५ ला सोडलेलं प्रोग्रेस भरकटलं. २८ जूनला ड्रॅगनसकट फाल्कन रॉकेट फुटलं. (तिन्ही २८ तारखा. कुणी पंचांग काढू नका.) आठ महिन्यांत तीन खेपा गेल्या, तरी वरचे उपाशी राहिले नाहीत. साठा होता, जुलैत दुसरं प्रोग्रेस पोचलं, ऑगस्टमध्ये जपानचं यान.

गंगापूर रोड
परत येणार की जळणार हे नंतर. आधी गाडी धक्क्याला नीट लागू द्या. आपण १६ जानेवारी २०२५ ला स्पेडेक्स चाचणीत कक्षेत दोन यानं जोडली, भारीच, पण ती सव्वादोनशे किलोंच्या आतली. प्रोग्रेस सात टनांचं.

२५ जून १९९७ ला रशियाच्या मीर स्थानकावर काय झालं बघा. स्वयंचलित यंत्रणा बाजूला ठेवून प्रोग्रेस हाताने जोडायची चाचणी होती. कमांडर पडद्यावर बघत यान आणतोय, अंतराचा आकडा नाही, बाकीचे दोघे खिडक्यांतून ते शोधतायत. दिसलं तेव्हा ब्रेक लागत नव्हता. स्पेक्त्र नावाच्या भागाला भोक पडलं, हवा जायला लागली आणि झडप बंद करायला मधल्या केबली तोडाव्या लागल्या.

द्वारकेचा ट्रकवाला
हे मात्र डोळ्यांसमोर आलं. रात्री गोडाऊनला रिव्हर्स लावताना क्लीनर मागे उभा असतो, "येऊ द्या, येऊ द्या", आणि एकदम गप्प होतो. तो गप्प झाला की ड्रायव्हरच्या पोटात गोळा.

ओझरकर काका, दहातली एक परतीची, यावर मी विचार करतोय. पण पोराने अजून एक सांगितलं. २०२० मध्ये एका सिग्नसला कल्पना चावलाचं नाव दिलं होतं. काम झाल्यावर तेही जाळलंच. ती बिचारी परतीच्या वाटेवरच गेली होती ना? मला ते ऐकून कसंतरीच झालं. बाकी नऊ गाड्यांवर निदान नावं तरी घालू नका.

ओझरकर
हे मान्य. नंबर टाकू.