प्रीतीने केले, मग ठराव कशाला? साहाय्य निधीवरून पडलेला एक प्रश्न

प्रश्न : सातरस्ता, सोलापूर

आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) गरजू कुटुंबांसाठी एक छोटा साहाय्य निधी आहे. अर्ज येतो, कमिटीत वाचला जातो, ठराव होतो आणि मग रक्कम दिली जाते, अशी पद्धत अनेक वर्षे चालत आली आहे. यंदा जूनमध्ये आमच्या खजिनदारांनी विड्या वळून घर चालवणाऱ्या एका विधवा भगिनीला मुलीच्या प्रवेशासाठी 12,000 रुपये ठरावाशिवाय दिले. शुल्क भरण्याचा तो शेवटचा दिवस होता, कमिटीची बैठक दहा दिवसांवर होती आणि त्या बाई डोळ्यांत पाणी आणून त्यांच्या दारात उभ्या होत्या. अफरातफर झाली असे कोणीही म्हणत नाही. पावती आहे आणि मुलगी कॉलेजात जाऊ लागली आहे. मात्र त्याआधीचे तीन अर्ज पडून होते, त्यांतला एक यंत्रमाग बंद पडल्यामुळे काम गेलेल्या माणसाचा होता, आणि त्या तिघांना पुरेल एवढे आता निधीत उरलेले नाही.

बैठकीत खजिनदार एवढेच म्हणाले की, "मी हे प्रीतीने केले. देवावर प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर, या दोन आज्ञा प्रभूने सर्वांत मोठ्या सांगितल्या, त्यांत ठराव कुठेच नाही." यावर कोणालाच बोलता आले नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 22 व्या अध्यायात सगळे नियमशास्त्र (मोशेचे नियम) आणि संदेष्टे या दोन आज्ञांवर अवलंबून असल्याचे म्हटले आहे, आणि रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात प्रेषित पौल प्रीतीलाच नियमशास्त्राची पूर्तता म्हणतो. तर मग योग्य-अयोग्य ठरवताना ख्रिस्ती माणसाला प्रीतीखेरीज आणखी कशाची गरज आहे का? खजिनदारांची चूक काढण्यासाठी मी विचारत नाही. त्यांच्या जागी मी असतो तर बहुधा हेच केले असते, आणि म्हणूनच हा प्रश्न मला सोडत नाही.

उत्तर 1 : निवृत्त हिशेबनीस

दोन आज्ञांपैकी दुसरी, म्हणजे शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करण्याची, मूळची जुन्या करारातल्या लेवीय 19:18 मधली आहे. तो अध्याय एकदा सलग वाचावा, अशी माझी विनंती आहे. शेताच्या कडा गरिबांसाठी न कापता सोडाव्यात, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नये, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये, वजने-मापे खरी असावीत, अशा अगदी रोजच्या व्यवहारातल्या नियमांच्या मधोमध ही आज्ञा उभी आहे. शिवाय तिच्या तीनच वचने आधी म्हटले आहे की, न्याय करताना बड्या माणसाचे तोंड पाहू नये आणि गरिबाचाही पक्ष घेऊ नये. हे दुसरे अर्धे वाक्य आपण चर्चमधल्या प्रवचनात फारसे ऐकत नाही. प्रीतीची आज्ञा देणाऱ्यालाच हे नियम गरजेचे वाटले, ते प्रीती कमी पडेल म्हणून नव्हे, तर आपली नजर समोर उभ्या असलेल्या माणसावर खिळते आणि दारात न आलेला माणूस तिच्यातून सुटतो म्हणून, असे मला वाटते.

आपल्या प्रश्नाशी अगदी मिळतीजुळती घटना नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या मंडळीत प्रीतीची वाण नव्हती. चौथ्या अध्यायात तर ते सगळे एकमनाचे होते आणि कोणी आपली मालमत्ता स्वतःची म्हणत नव्हता, असे सांगितले आहे. तरीही रोजच्या वाटपात ग्रीकभाषी विधवा वगळल्या जात होत्या. बारा प्रेषितांनी यावर 'अधिक प्रीती करा' असा उपदेश केला नाही. त्यांनी सात माणसे नेमायला सांगितली, आणि त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांच्यावर अन्याय होत होता त्या बाजूकडे व्यवस्था सोपवली गेली असावी. पौलानेही यहूदियासाठी वर्गणी नेताना तीताबरोबर आणखी दोन बंधूंना पाठवले आणि त्याचे कारण करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (8:20-21) लिहून ठेवले की, एवढ्या मोठ्या रकमेबाबत कोणी दोष देऊ नये. चाळीस वर्षे वह्या तपासल्यामुळे असेल, पण मला ती वचने विशेष प्रिय आहेत.

उत्तर 2 : दमाणीनगर

वरील उत्तर मला पटते, पण अर्धेच. शब्बाथ (यहुद्यांचा विसाव्याचा दिवस) माणसासाठी आहे, हे सांगताना प्रभूने दाविदाचा दाखला दिला, आणि दाविदाने व त्याच्या सोबत्यांनी भूक लागली म्हणून याजकांखेरीज कोणी खाऊ नये अशी समर्पित भाकर खाल्ली होती. बैठक दहा दिवसांनी असताना मुलीचे वर्ष वाया जाऊ देणे आणि ठरावाची वही स्वच्छ ठेवणे, याला नियमपालन म्हणता येईल, नीती म्हणता येणार नाही.

केवळ प्रीती पुरेशी आहे हे मत सर्वांत ठामपणे मांडणारे पुस्तक म्हणजे अमेरिकन एपिस्कोपल धर्मगुरू जोसेफ फ्लेचर यांचे 1966 सालचे 'सिच्युएशन एथिक्स'. (रोमच्या कॅथलिक अधिकाऱ्यांनी 1956 मध्येच या विचारसरणीचे अध्यापन थांबवायला सांगितले होते, म्हणजे वाद त्याहून जुना आहे.) फ्लेचर नियम फेकून देत नाहीत, ते त्यांना वाटेवरचा प्रकाश मानतात, मात्र प्रीतीसाठी वेळ पडल्यास बाजूला ठेवतात. पण आपल्या खजिनदारांनी फ्लेचर वाचले असते, तर त्यांची पंचाईतच झाली असती. कारण प्रीती ही भावना नसून शेजाऱ्याचे हित इच्छिणे आहे, मग तो आपल्याला आवडो वा न आवडो, आणि न्याय म्हणजे वाटून दिलेली प्रीतीच, असे तेच म्हणतात. त्या हिशेबाने उरलेली तीन कुटुंबेही त्या दिवशी दारात उभी होती, फक्त दिसत नव्हती.

उत्तर 3 : धर्मज्ञानाचा जुना विद्यार्थी

मग अडचण अशी की, चार कुटुंबांच्या हिताचा असा तोल दारात, अर्ध्या तासात, समोर रडणाऱ्या आईकडे पाहत कोणाला साधणार आहे? शांतपणे आधीच करून ठेवलेला विचार, एवढाच मला नियमाचा अर्थ वाटतो.

"प्रीती कर आणि मग हवे ते कर" हे प्राचीन ख्रिस्ती बिशप ऑगस्टिनचे वाक्यही अशा वेळी हमखास पुढे येते. इ. स. 407 च्या सुमारास योहानाच्या पहिल्या पत्रावर प्रवचने देताना तो हे म्हणाला. त्याच ठिकाणी त्याने दाखला दिला आहे की, बाप मुलाला मारतो आणि मुले पळवणारा त्याला गोंजारतो. कृती पाहून प्रीती ओळखता येत नाही. दाखला मार्मिक आहे. परंतु पुढे याच ऑगस्टिनने दोनातवादी (मुख्य मंडळीपासून फुटून निघालेल्या उत्तर आफ्रिकेतल्या) ख्रिस्ती लोकांवर राजसत्तेने केलेली सक्ती प्रीतीच्याच नावाने समर्थनीय ठरवली, हे विसरता येत नाही. मारणारा हात आपलाच असतो तेव्हा तो बापाचा आहे की दुसऱ्या कोणाचा, हे आपले आपल्याला कळत नाही.

पौलाची फिलिप्पैमधल्या मंडळीसाठीची प्रार्थना (1:9-10) मला म्हणून अधिक नेमकी वाटते: त्यांची प्रीती ज्ञानात आणि विवेकात वाढत जावी, म्हणजे जे श्रेष्ठ ते त्यांना पारखता यावे. प्रीतीला वाढायला जागा लागते, असे पौलच इथे गृहीत धरतो.

प्रश्नकर्ता : सातरस्ता

सर्वांचे आभार. उत्तर 1 मधील सात नावांचा मुद्दा मी बैठकीत मांडला. तातडीच्या प्रसंगी पाळकसाहेब आणि खजिनदार अशा दोघांच्या सहीने 5,000 रुपयांपर्यंत मदत द्यावी, बाकीचे बैठकीत ठरावे, आणि यापुढे कमिटीत अर्जदार कुटुंबांपैकी एकाला बसवावे, असे ठरले. दोन सह्यांना खजिनदारांनी हरकत घेतली नाही. हरकत त्यांनी 5,000 या आकड्याला घेतली, कारण प्रवेश शुल्क त्यात बसत नाही, आणि त्यावर पुन्हा पाऊण तास गेला. उरलेल्या तीन कुटुंबांपैकी दोघांकडे ते स्वतः जाऊन आले आहेत. यंत्रमागवाल्या बंधूंकडे जायचे आहे. मी बरोबर यावे, असे त्यांनी सुचवले आहे, आणि तिथे काय बोलायचे ते आम्हा दोघांनाही अजून सुचलेले नाही.

उत्तर 1 : निवृत्त हिशेबनीस

निधीत सध्या नेमकी किती रक्कम आहे, ते आधी लिहून न्या. "बघू" असे म्हणून परत येऊ नका.