समजूत काढायची बाईने, रेटिंग मात्र दुसऱ्याला?

रातराणी:
क्लायंट भडकला किंवा नवा मुलगा राजीनाम्याची भाषा करू लागला, की आमच्या कोडिंगच्या टीममध्ये सगळ्यांना मी आठवते. "तू जरा बोल ना, तुला छान जमतं." अप्रेझलला मात्र प्रश्न एकच, टिकिटं (नोंदवलेल्या तक्रारी-कामं) किती बंद केलीस? भावनिक बुद्धिमत्ता, म्हणजे भावना ओळखून सांभाळणं, ही बायकांची उपजत देणगी म्हणायची आणि देणगी म्हणून फुकटात वापरायची, असा हा कारभार. हाइलमन आणि चेन या संशोधकांच्या २००५च्या प्रयोगांत सहकाऱ्याला मदत केल्यावर पुरुषाचे गुण वाढले, बाईचे नाही. मदत नाकारल्यावर मात्र बाईचेच कमी झाले.

तिरपा_डोळा:
असहमत. मेयर-सॅलोवे यांच्या भावनिक बुद्धिमत्ता मोजणाऱ्या चाचणीत स्त्रियांना सरासरी जास्त गुण पडतात. मग ज्याला जे जमतं ते त्याने करावं. बोलिंग येणाऱ्याच्याच हातात बॉल देणार ना?

रातराणी:
बोलरच्या विकेटी स्कोअरबोर्डवर लागतात हो.

कोयनाकाठ:
:)) बाकी सरासरीवरून काम वाटायचं तर मुलाखती कशाला घेता? आमच्या शाखेत (बँक, तालुक्याचं गाव) चिडलेल्या खातेदाराला शांत करण्यात एका शिपाईकाकांचा हात कुणी धरणार नाही. तरी काउंटरला मॅडम आणि वसुलीला पुरुष, हे ठरलेलं. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३मध्ये अमेरिकेत हेच दाखवलं: गोड बोलायच्या नोकरीत हवाईसुंदऱ्या, दरडावायच्या नोकरीत थकबाकी वसूल करणारे पुरुष. दरडावणं हेही भावनांचंच काम, पण त्याला कुणी 'स्वभाव' म्हणत नाही.

तिरपा_डोळा:
शिपाईकाका मान्य. पण जोसेफ-न्यूमन यांचा या विषयावरच्या अभ्यासांचा २०१०चा आढावा बघा. माणसांशी सतत गाठ पडणाऱ्या कामात या क्षमतेचा उपयोग दिसतो, इतर कामांत जवळपास नाही. कोडिंगच्या टीममध्ये या क्षमतेला बढतीचा निकष का करायचा? आणि मोजणार कसं? अप्रेझलमध्ये तिचा रकाना आला की मॅनेजरच्या लाडक्यांना पैकीच्या पैकी.

रातराणी:
कोडिंगला उपयोग नसेल तर मला कोडिंग करू द्या, मीटिंगमधून उठवून समजूत काढायला पाठवू नका. रकाना नकोच. समजूत काढायला सगळ्यांची पाळी लावा, आणि तो वेळ टाइमशीटमध्ये धरा. पुढच्या वेळी क्लायंट भडकला की तुम्ही जा.

तिरपा_डोळा:
मी गेलो तर क्लायंट जाईल :)

कोयनाकाठ:
मग ते तुमच्या अप्रेझलमध्ये येऊ दे की.