जोराच्या आधी सॉफ्टबॉल आडवा येतो

मुलींच्या अंगात तेवढा जोर नसल्यामुळेच अमेरिकेतील महाविद्यालयीन बेसबॉल संघांत त्या दिसत नाहीत, हे काहींचे मत मला अपुरे वाटते. जोराचा प्रश्न खरा आहे, परंतु तो उद्भवण्याच्या कितीतरी आधीच बहुतेक मुली या खेळातून बाहेर पडलेल्या असतात. १९७४ साली लिटल लीगने, म्हणजे लहान मुलांच्या बेसबॉल संघटनेने, मुलींना प्रवेश दिला खरा, पण त्याच वर्षी त्यांच्यासाठी सॉफ्टबॉलचा, म्हणजे बेसबॉलसारख्याच दुसऱ्या खेळाचा, वेगळा विभागही काढला. पुढे शाळेचे संघ आणि महाविद्यालयांच्या शिष्यवृत्त्याही त्यांना तिकडेच ओढत गेल्या. महाविद्यालयीन सॉफ्टबॉलमध्ये मोठा चेंडू ४३ फुटांवरून खांद्याखालून टाकतात, तर बेसबॉलमध्ये ६० फूट ६ इंचांवरून, खांद्यावरून. त्यामुळे तिथे कमावलेला हात इथे जसाच्या तसा चालत नाही.

ज्युली क्रोटो शाळेच्या बेसबॉल संघातील जागेसाठी न्यायालयात गेल्या, हरल्या, आणि तरीही १९८९ मध्ये मेरीलँडमधील सेंट मेरीज महाविद्यालयाकडून पहिल्या बेसवर (धावताना गाठायच्या पहिल्या टप्प्यावर) क्षेत्ररक्षक म्हणून खेळल्या. डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या सर्वोच्च स्तरावर, मात्र मुलगी खेळायला २०२३ उजाडावे लागले: ब्राउन विद्यापीठाच्या ऑलिव्हिया पिचार्डो बदली फलंदाज म्हणून आल्या आणि जमिनीलगतचा फटका मारून पहिल्या बेसवर बाद झाल्या. (अशा बाद होण्याची बातमी क्वचितच होत असेल!)

जोराचाच निकष लावायचा, तर डावखुऱ्या पिचर (चेंडू टाकणाऱ्या) आयला बॉर्डर्स यांचे काय करायचे? १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात, महाविद्यालयाकडून टाकलेला पहिलाच सामना त्यांनी एकहाती पूर्ण करून १२-१ असा जिंकला होता.