माझं उदाहरण देऊन दुसऱ्याचा पगार कापू नका

खडूची_धूळ (धागाकर्ती)

शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून हिशोबनीस यांनी परवा एक पोस्ट टाकली. सारांश असा: झेडपीचे गुरुजी 80 हजार घेतात, इंग्लिश मीडियमची मॅडम 12 हजारांत त्यांच्यापेक्षा बरं शिकवते, सबब गुरुजींचा पगार निम्मा करा. खाली बदामांचा सडा.

ती 12 हजारवाली मॅडम म्हणजे मी. बी.एस्सी., बी.एड., टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास. नऊ वर्षं पाचवी ते आठवीला गणित शिकवतेय. आणि माझा पगार 12 हजार नाहीच मुळी. कागदावर 29 हजार आहे. ते बँकेत रीतसर जमा होतात, संस्थेकडे स्टेटमेंट तयार असतं. मग 5 तारखेच्या आत मी एटीएममधून 17 हजार काढते, तपकिरी पाकिटात घालते. पाकिटावर नाव लिहायचं नाही, पेन्सिलीनं फक्त '7 ब' लिहायचं. मधल्या सुट्टीत ते क्लार्ककडे द्यायचं. तो ओल्या स्पंजच्या डबीत बोट बुडवून एकेक नोट मोजतो. मागे एकदा 500 ची एक नोट कोपऱ्यात फाटलेली निघाली. त्यानं ती बाजूला काढून माझ्या हातात दिली, "मॅडम, एवढी बदलून आणा."

माझेच पैसे, मीच परत देतेय, आणि नोट चांगली हवी.

त्याच आठवड्यात आमच्याकडे शिक्षकदिन झाला. प्रत्येकीला एक गुलाब, एक पेन. अध्यक्ष महोदय गुरुमहिम्यावर इतकं बोलले की दुसरीची पोरं बसल्या जागी झोपली.

हिशोबनीस, तुमची पोस्ट मी तीनदा वाचली. मॅडमला कमी मिळतं हे तुम्हाला दिसलं. पण 'मॅडमचा वाढवा' हे वाक्य तुमच्या पोस्टमध्ये कुठेच नाही. खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांच्या पगाराचा आणि नोकरीच्या अटींचा 1977 चा कायदा आहे, एमईपीएस म्हणतात ना तो. विनाअनुदानित शाळेलाही तो लागू आहे. म्हणजे बेकायदा काय चाललं असेल तर ते माझ्याकडे, गुरुजींकडे नाही. मला मोजपट्टी करून त्यांना मापू नका.

हिशोबनीस

मॅडम, तुमच्याबद्दल आदर आहेच. पण भावनेच्या भरात मुद्दा निसटतोय. मी कर भरतो, मला विचारायचा हक्क आहे. प्राथमिक शिक्षकाचं मूळ वेतन 29,200 पासून सुरू होतं. महागाई भत्ता धरला की पहिल्याच पगाराला 45 हजारांच्या आसपास. 12 वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, 24 वर्षांनी निवड श्रेणी. शिकवलं काय, नाही शिकवलं काय, श्रेणी मिळणारच. तुमच्या संस्थेचा चोरटेपणा हा वेगळा विषय आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा.

डोंगरपट्टी

"पहिल्याच पगाराला 45 हजार" हे कुणी सांगितलं साहेब? पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. 2000 साली योजना आली तेव्हा प्राथमिकला महिना 3 हजार होते. मी लागलो तेव्हा 6 हजार. जानेवारी 2023 पासून 16 हजार झाले, तेही कोर्टानं कान उपटल्यावर. गवंड्याच्या हाताखालचा माणूस आमच्या 6 हजारांना हसायचा.

माझी शाळा दोनशिक्षकी, वर्ग चार. जोडीदार प्रशिक्षणाला गेला की चारही वर्ग माझ्याकडे. पहिलीला मुळाक्षरं गिरवायला लावून चौथीला भागाकार सांगायचा, तेवढ्यात फोन वाजतो : माहिती तात्काळ भरा, आजच, लिंक दुपारी बंद होणार. रेंज शाळेमागच्या टेकाडावर. मी टेकाडावर, पोरं वर्गात, आणि रस्त्यानं जाणारा माणूस म्हणतो, बघा, गुरुजी फोनवर.

सातबारा

फोनचं राहू द्या. गुरुजी गावात राहतात का ते सांगा.

आमच्या गावात चार शिक्षक. चौघंही तालुक्याला. सव्वादहाला गाडी येते, पाचला सुटते. घरभाडे भत्ता मात्र मुख्यालयी राहतो म्हणून उचलतात. ग्रामसभेचा ठराव लागतो, तर सरपंच घरी बसून सही ठोकतो. मी सभेला तीनदा विचारलं, तीनदा मलाच खाली बसवलं. 2022 ला एका आमदारानं हेच विधानसभेत काढलं तर सगळे शिक्षक त्यांच्यावर तुटून पडले. खोटं होतं का ते?

डोंगरपट्टी

आलीच गाडी मुख्यालयावर! पगाराचा धागा असो, खिचडीचा असो, तिसऱ्या प्रतिसादाला घरभाडे येतंच.

राहायला खोली दाखवा भाऊ. मी गावात दीड वर्ष राहिलो. खोली सरपंचाच्या चुलतभावाची, संडास नाही, पावसाळ्यात भिंतीतून पाणी. बायको सातव्या महिन्याची झाली तेव्हा गाव सोडलं. सर्वात जवळची दवाखान्याची खाट 22 किलोमीटरवर होती. तुमचा तलाठी राहतो का गावात? ग्रामसेवक? डॉक्टर? त्यांना ठराव मागता का?

सातबारा

तलाठ्याकडे माझी पोरगी दिवसाचे सहा तास नसते.

पाटीपेन्सिल

माझे वडील गुरुजी होते. राहिले गावात, 31 वर्षं, पाच गावं. पहिल्या गावात घर नव्हतंच, शाळेच्याच खोलीला मध्ये आईचं जुनं लुगडं बांधलं होतं. अलीकडे बाराखडी, पलीकडे आमचा संसार. फोडणी पडली की अख्खा वर्ग खोकायचा. तपासणीला साहेब येणार असले की आदल्या रात्री ट्रंका, भांडी, मी आणि माझी धाकटी बहीण, सगळा ऐवज शेजारच्या गोठ्यात हलायचा. साहेब शेरा मारून जायचे : वर्ग प्रशस्त व हवेशीर.

गावाला वडील देवासारखे होते हे खरं. रात्री अपरात्री पत्र वाचायला, अर्ज लिहायला, सोयरीक जुळवायला माणसं यायची. पण आईला विचारा. तिनं त्या 31 वर्षांत एकदाही दार लावून जेवण केलं नाही. 'पूर्वीचे गुरुजी कसे गावात राहायचे' असं कुणी म्हटलं की मला ते लुगडं आठवतं. त्या आदराची किंमत दुसऱ्याच कुणीतरी भरत होतं.

सातबारा

तुमच्या आईला नमस्कार. पण लुगड्याआडून राहणाऱ्याला भत्ता किती होता आणि तालुक्यात फ्लॅट घेणाऱ्याला किती आहे, हेही सांगा की. आणि डोंगरपट्टी सर, एक साधा प्रश्न. तुमची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत?

डोंगरपट्टी

हा प्रश्न तू कलेक्टरला विचारतोस का? विचार की. शिक्षक दिसला की सगळे सातबारे उघडतात!

सातबारा

अरे-तुरे वर आलात म्हणजे उत्तर मिळालं.

डोंगरपट्टी

इंग्लिश मीडियमला. मोठी पोरगी. माझ्या शाळेत तिला चौथीपर्यंत ठेवायची होती, घरात ऐकलं नाही कुणी. झालं समाधान? याची लाज वाटते हे मी इथे लिहितोय, तुमच्यापैकी कितीजण लिहितील बघू.

अर्धा_ग्रंथपाल

भांडणात नाक खुपसतो. 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी जे निवेदन दिलं ते काढून वाचा, तुमचं अर्धं भांडण त्यात आहे. प्राथमिक शिक्षकाला 12 रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावात 15 किंवा 20 असावा, असं आकडा घालून लिहिलंय. बरा माणूस हवा तर बरा पगार द्या, एवढा साधा हिशोब. आणि शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, लोकांत मिसळणारा, वेळ पडली तर नांगराची मूठ धरायला न लाजणारा.

सातबारा

बघा! नांगराची मूठ! इथे मोटारसायकलची मूठ सुटत नाही.

हिशोबनीस

त्याच निवेदनात पुढे काय आहे तेही सांगा की ग्रंथपाल. ज्या गावच्या शाळेतले जास्त विद्यार्थी पास होतील त्या शिक्षकाला पगाराव्यतिरिक्त वेगळा भत्ता द्यावा, असंही आहे. मी निकालावर पगार म्हटलं की भांडवलदार, फुल्यांनी म्हटलं की क्रांती.

अर्धा_ग्रंथपाल

आहे, मान्य. पण ते पगाराच्या वर आहे, पगार कापून नाही. तुम्ही वरचा मजला फुल्यांचा घेताय आणि पाया स्वतःचा.

गंमत अशी की शिक्षकाला गावचे हिशोब तपासायला द्यावेत, दस्त नोंदवायला, नाहीतर पोस्टाचं काम द्यावं, स्टॅम्प विकायला द्यावेत, म्हणजे त्याची गावात पत वाढेल, असंही त्यांनी सुचवलंय. आजच्या भाषेत अशैक्षणिक कामं!

डोंगरपट्टी

ग्रंथपाल, माझ्याच पोस्टवर रॉकेल ओतलंत.

पण फरक बघा. तेव्हा ती कामं दिली असती तर गुरुजी गावातला वजनदार माणूस झाला असता. मला जी देतात त्यानं माझं वजन वाढत नाही. खिचडीचा तांदूळ मोजतो, मतदार यादी घेऊन दारोदार हिंडतो, आणि दार उघडणारी बाई म्हणते, "नंतर या, आत्ता टीव्ही चालू आहे." शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्ये जनगणना, निवडणूक आणि आपत्तीतली मदत एवढीच सूट आहे. बाकीच्या ऑनलाइन याद्यांना कुठलं कलम?

वीस_टक्के

सगळे बोलून झाले असतील तर आमचं ऐका. मी विनाअनुदानितवाला. 'कायम विनाअनुदानित' मधला 'कायम' 2009 ला निघाला, म्हणजे अनुदानाची वाट उघडली, तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. त्यानंतर 20 टक्के अनुदान, मग 40, प्रत्येक टप्प्याला आझाद मैदानावर आंदोलन. मुंबईचं मैदान सोडून काही पाहिलं नाही मी. चिखलात सतरंजी टाकून झोपायचं, सकाळी सार्वजनिक शौचालयाच्या रांगेत दोन माजी विद्यार्थी भेटतात, "सर तुम्ही इथे?"

या नोकरीसाठी संस्थेला किती दिले ते लिहीत नाही. वडिलांनी दीड एकर काढलं एवढंच सांगतो.

हिशोबनीस

म्हणजे तुम्ही पैसे देऊन नोकरी घेतली आणि आता करदात्यांनी ते फेडायचे? टीईटीच्या घोटाळ्यात 2022 ला साडेसात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरले होते, आठवतं? हे असे लोक वर्गात उभे असताना गुरुजनांचा आदर करा म्हणायचं.

वीस_टक्के

मी टीईटी अभ्यास करून पास झालोय. आणि पैसे ज्यानं घेतले त्याला काही विचारणार नाही तुम्ही. त्याच्या कारला रस्ता द्याल, मला चोर म्हणाल.

पाटीपेन्सिल

वीस_टक्के, राग येऊ देऊ नका. पण दीड एकर विकणारा आणि ते घेणारा या दोघांत तुम्ही एक आहात, हेही खरंच आहे.

वीस_टक्के

माहितीय. रोज माहिती असतं.

खडूची_धूळ

माझा धागा होता, आठवण करून देते. पाकिटाचं बोलत होते मी. शंभराच्या वर प्रतिसाद झाले, त्यात घरभाडे साठ वेळा आलं. पाकीट एकदाही नाही.

हिशोबनीस

बरं मॅडम. तुमच्या मानासाठी 'गुरुजींचा पगार निम्मा करा' हे वाक्य मागे घेतो. पगार तेवढाच राहू द्या, काम दुप्पट करा. खूश? आणि तुमच्यासाठी : शिक्षणाधिकाऱ्याकडे तक्रार करा, तेवढं तर हातात आहे.

खडूची_धूळ

केली होती एका सहकारी बाईंनी. निनावी अर्ज घेत नाहीत. नाव घालून दिला. पत्राची प्रत संस्थेत पोचली ती त्यांच्या घरी पावती पोचण्याआधी. आमच्या नेमणुकीच्या ऑर्डरी जून ते एप्रिल. त्यांना पुढच्या जूनमध्ये ऑर्डर आलीच नाही. काढलं असतं तर न्यायाधिकरणात गेल्या असत्या. संस्था म्हणते, काढलंच नाही, मुदत संपली.

सातबारा

हे मात्र वाईट आहे. आमच्याकडच्या गुरुजींना निदान गावाला तोंड तरी द्यावं लागतं. तुमच्या क्लार्कला कोण विचारणार.

ताई, एक विचारू का? पोरगी सातवीला आहे. गणितात पार अडकलीय, व्यवहारी अपूर्णांक आला की रडते. ऑनलाइन संध्याकाळी तासभर घ्याल का? महिन्याचं काय ते सांगा.

खडूची_धूळ

आठवड्याला तीन दिवस. महिना 800.

सातबारा

500 ला नाही होणार का? एकच तर पोरगी.

हिशोबनीस

शिक्षण हक्क कायदा, कलम 28 : शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. फक्त निदर्शनास आणून देतो.

खडूची_धूळ

1977 चा कायदा मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिला होता. तो नाही आला निदर्शनास. 17 हजारांचं पाकीट नाही आलं. 800 रुपये मात्र लगेच आले.

सातबारा

ते जाऊ द्या ताई. 600?