रक्तवाहिन्यांना 'फुटवा' येतो का?

शाईदौत: हार्टवरच्या एका प्रयोगाचं पेशंटसाठीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. विषय अँजिओजेनेसिस, म्हणजे हृदयाच्या ज्या भागाला रक्त कमी पोचतं तिथं नव्या रक्तवाहिन्या याव्यात म्हणून औषध द्यायचं. मी 'नवीन वाहिन्या निर्माण करणे' लिहिलं तर बाबांनी वाचून विचारलं, कुठल्या, बातम्यांच्या का खेळाच्या? 'नववाहिनीजनन' चालेल? आणि इस्किमियाला, म्हणजे त्या रक्त कमी पोचण्याला, 'रक्ताल्पता' लिहिलं तर लोक ॲनिमिया समजतील ना?

धोंडोपंत६१: नववाहिनीजनन वाचून पेशंट सही न करताच पळेल. आणि एक काना राहिला की नववहिनी :)

तत्सम_प्रेमी: शास्त्राला नेमका शब्द लागतोच. आम्हाला शाळेत रोहिणी, नीला, केशिका होतं, कोणी पळालं नाही. धमनी मात्र नको, ते हिंदीचं.

गोदाकाठ: धमनी हिंदीचं?? सुश्रुतात आहे हो! धम् म्हणजे फुंकणे, म्हणून नळी. गंमत म्हणजे जुन्या ग्रीकांनाही आर्टरीत हवा असते असंच वाटायचं. आणि अँजिऑन म्हणजे भांडं, तेव्हा शब्दशः करायचं तर 'भांडीजनन' करा.

उसाचा_फड: आमच्याकडे सरळ फुटवा म्हणतील, उसाला येतो तसा. आजोबांच्या अँजिओग्राफीत मेन नळी बंद निघाली पण बाजूनं कोलॅटरल झालेत असं डॉक्टर म्हणाले, तर आजोबा म्हणे, म्हंजे कालवा बुजला न पाणी शेजारच्या चारीतनं आलं. झालं की भाषांतर.

शिकाऊ_डागदर: फुटवा मस्तच, कारण व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनानं केशवाहिनीला खरंच कोंब फुटतात. पण आजोबांचं ते वेगळं, तिथं आधीचीच बारीक वाट रुंद होते, त्याला आर्टेरिओजेनेसिस म्हणतात, आणि मोठी नळी तुंबली की नुसत्या केशवाहिन्यांच्या जाळ्यानं भागत नाही. माझी तक्रार 'निर्माण करणे'वर आहे. हेच व्हीईजीएफ हृदयाच्या पेशंटना देऊन पाहिलेल्या, २००३ साली छापून आलेल्या व्हिव्हा ट्रायलमध्ये १७८ पेशंट होते, ६० दिवसांनी व्हीईजीएफवाले ट्रेडमिलवर आधीपेक्षा ३० सेकंद जास्त चालले आणि प्लासिबोवाले, म्हणजे ज्यांना औषध म्हणून नुसतंच बिनऔषधाचं काही दिलं ते, ४८! जास्त डोसवाल्यांचं छातीत दुखणं १२० दिवसांनी कमी झालं होतं, ते खरंय, पण तरी 'वाहिन्या वाढाव्यात म्हणून प्रयत्न' एवढंच लिहा. पेशंट क्रियापदावर विश्वास ठेवून सही करतो.

तत्सम_प्रेमी: बाकी राहू द्या, प्लासिबोला मराठी शब्द नाही?

धोंडोपंत६१: अंगारा.

तत्सम_प्रेमी: लोकांच्या श्रद्धेची चेष्टा नको. 'छद्मौषध' म्हणा.

गोदाकाठ: छद्म म्हणजे कपट. डॉक्टर कपट करतायत असं पत्रकात लिहिणार?

शाईदौत: अहो, मला उद्या सकाळी द्यायचंय हे. आणि इस्किमिया?

उसाचा_फड: अंगाऱ्यात निदान राख तरी असते.

तत्सम_प्रेमी: राख नव्हे, भस्म.